नकाशावर नसलेला दहावा प्रांत

१९९१ साली हैतीच्या नकाशावर नऊ प्रांत होते, पण हैतीयन माणसं दहावाही मोजत. त्याला स्वतःची जमीन नव्हती. ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात, मायामीच्या ‘लिटल हैती’त, माँट्रियलमध्ये तो विखुरलेला होता. टॅक्सी चालवणारे, हॉस्पिटलांत आजाऱ्यांची सेवा करणारे, पगारातून घरी पैसे पाठवणारे परदेशस्थ हैतीयन म्हणजे हा दहावा प्रांत. मायदेशातल्या नऊ प्रांतांची तोंडं बंदुकीच्या धाकाने बंद झाली, तेव्हा हा दहावा उठून उभा राहिला. त्याच्या सोबतीला कोण कोण आलं हे वाचताना मी थक्क होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जाँ-बेर्त्राँ आरिस्तिद हे गरीब वस्त्यांत काम करणारे पाद्री. डिसेंबर १९९० मध्ये हैतीत पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने खुली निवडणूक झाली आणि दोन तृतीयांश मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीला आठ महिनेही झाले नव्हते, तोच ३० सप्टेंबर १९९१ रोजी राउल सेद्रास यांच्या लष्कराने सत्ता बळकावली. पुढच्या तीन वर्षांत अंदाजे तीन ते पाच हजार माणसं मारली गेली. आरिस्तिद यांचा जीव कसाबसा वाचला आणि विमानाने ते व्हेनेझुएलात पोहोचले.

व्हेनेझुएलातच पोहोचावेत, हा योगायोग विलक्षण आहे. १८१५ च्या अखेरीस याच व्हेनेझुएलाचा परागंदा सिमोन बोलिव्हार हैतीच्या आश्रयाला आला होता. राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर पेत्यों यांनी त्याला माणसं, बंदुका, दारूगोळा दिला आणि बदल्यात एकच मागणं केलं: जी भूमी मुक्त कराल, तिथली गुलामगिरी संपवा. गुलामांनी स्वतः लढून १८०४ साली स्वतंत्र केलेला हा देश. परक्यांच्या स्वातंत्र्यासाठी उभं राहायचं कसं, हे त्या खंडाला हैतीनेच आधी दाखवलं, असं मी ठामपणे म्हणेन.

आता ब्रुकलिनकडे येऊ. तिथल्या काही हैतीयन रेडिओ केंद्रांचा आवाज साध्या रेडिओवर लागत नसे. एका छुप्या उपलहरीवर चालणारं ते प्रसारण ऐकायला खास संच विकत घ्यावा लागे. लोक तो घेत आणि क्रिओल भाषेतल्या बातम्या ऐकत. रस्त्यावर उतरणंही या समाजाला नवं नव्हतं. २० एप्रिल १९९० रोजी हजारो हैतीयन ब्रुकलिन पूल ओलांडून मॅनहॅटनमध्ये उतरले होते. पोलिसांच्या अंदाजाने तो आकडा पन्नास हजार होता. कारण एड्सच्या भीतीने अमेरिकेने हैतीयन माणसांचं रक्तदानच बंद केलं होतं. आजार एखाद्या देशाच्या नावाला चिकटवण्याचा हा प्रकार होता. त्याच वर्षअखेरीस ती बंदी मागे घ्यावी लागली. त्यामुळे १९९१ चा लष्करी उठाव झाला तेव्हा या लोकांना पूल, रस्ते आणि स्वतःची ताकद ठाऊक होती.

तिकडे समुद्रात बोटी होत्या. उठावानंतर काही महिन्यांतच ३४ हजारांहून अधिक हैतीयन माणसं अमेरिकी तटरक्षक दलाने भर समुद्रात अडवली. आधी त्यांना क्युबातल्या ग्वांतानामोच्या नाविक तळावर नेऊन निदान चौकशी तरी होत असे. मे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आदेश काढला: चौकशी नाही, विचारपूस नाही, थेट परत पाठवा. म्हणजे ज्यांच्या भीतीने पळालात, त्यांच्याच हाती.

कॅथरीन डनहॅम ही जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय नर्तकी. तरुणपणी, १९३५-३६ च्या सुमारास, मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी हैतीत गेली आणि त्या देशाचीच होऊन राहिली. बुश यांच्या त्या आदेशाच्याही आधी, १९९२ च्या सुरुवातीला, वयाच्या ८२ व्या वर्षी, हैतीयन निर्वासितांना परत पाठवण्याच्या निषेधार्थ ईस्ट सेंट लुइसमधल्या घरी तिने उपोषण सुरू केलं. ४७ दिवस. शेवटी आरिस्तिद स्वतः तिला भेटायला गेले आणि थांबण्याची विनंती केली, तेव्हा कुठे तिने अन्न घेतलं. उपोषणाची ताकद आपल्याला सांगायला नको. पण ८२ व्या वर्षी, दुसऱ्या देशातल्या माणसांसाठी?

सप्टेंबर १९९२ मध्ये व्हाइट हाउससमोर निदर्शकांना अटक झाली, त्यात आर्थर अ‍ॅश होता. १९७५ ची विम्बल्डन जिंकलेला तोच अ‍ॅश. हृदयाच्या शस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली होती आणि एप्रिलमध्येच त्याने ते जगजाहीर केलं होतं. प्रकृती खालावलेली असतानाही तो हैतीच्या निर्वासितांसाठी रस्त्यावर आला. दुसऱ्याच दिवशी त्याला हृदयविकाराचा सौम्य झटका आला. पाच महिन्यांत, ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, तो गेला.

अ‍ॅश गेला तेव्हा ग्वांतानामोत एक उपोषण चालू होतं, आणि त्याचंही कारण एचआयव्हीच होतं. तिथे अडीचशेहून अधिक हैतीयन माणसं काटेरी तारांच्या कुंपणात होती. मायदेशात त्यांच्या जिवाला धोका आहे, हे प्राथमिक चौकशीत अमेरिकेने स्वतःच मान्य केलं होतं. म्हणजे परत पाठवता येत नव्हतं. पण बहुतेकांना एचआयव्ही होता आणि त्या काळच्या अमेरिकी कायद्याने अशा परदेशी माणसांना देशात प्रवेश नव्हता. म्हणजे आतही घेतलं जात नव्हतं. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. उपचार अपुरे, सोबत मुलंबाळं, आणि मुदत कुणीच सांगत नव्हतं. जानेवारी १९९३ च्या अखेरीस त्यांनी जेवण नाकारलं.

त्यांची बाजू लढत होते येल विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरॉल्ड कोह आणि त्यांचे कायद्याचे विद्यार्थी. पदवीही हाती न आलेली मुलं अमेरिकेच्या सरकारविरुद्ध खटल्याची कागदपत्रं तयार करत होती. छावणीतल्या उपोषणाची बातमी आली तशी येलच्या विद्यार्थ्यांनीही अन्न सोडलं आणि मग एकेका विद्यापीठाने उपोषण पुढच्याकडे सोपवलं. नागरी हक्क चळवळीचे नेते जेसी जॅक्सन छावणीत जाऊन आले आणि तेही उपाशी राहिले.

जून १९९३ मध्ये एकाच भांडणाचे दोन निकाल लागले. ८ जूनला न्यूयॉर्कचे न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी छावणीला एचआयव्हीचा तुरुंग ठरवलं आणि सर्वांना सोडण्याचा आदेश दिला. कुंपण उघडलं, माणसं न्यूयॉर्क आणि मायामीला पोहोचली. पण २१ जूनला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की निर्वासितांना परत न पाठवण्याचं बंधन भर समुद्रात लागूच होत नाही. एकटे न्यायमूर्ती ब्लॅकमन विरोधात उभे राहिले.

बुश यांच्या धोरणाला क्रूर म्हणत निवडून आलेल्या बिल क्लिंटन यांनीही तेच धोरण चालू ठेवलं होतं. त्याला धक्का दिला रँडल रॉबिन्सन यांनी. अ‍ॅशसारखेच तेही व्हर्जिनियातल्या रिचमंडचे, त्याचे मित्र आणि व्हाइट हाउससमोरच्या त्या अटकेतले साथीदार. ‘ट्रान्सआफ्रिका’ या त्यांच्या संस्थेने १९८४ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेत रान उठवलं होतं. १२ एप्रिल १९९४ रोजी वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाच्या तळघरात त्यांनी उपोषण सुरू केलं. तारखा जुळवून पाहा: त्याच एप्रिलच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या माणसांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं. ज्या दिवसासाठी हा माणूस दहा वर्षं झगडला तो उजाडला, तेव्हा तो दुसऱ्या देशासाठी उपाशी पडून होता. मध्ये हॉस्पिटलात न्यावं लागलं. सत्ताविसाव्या दिवशी, ८ मे रोजी, क्लिंटन यांनी निर्वासितांचं म्हणणं ऐकून घेण्याचं मान्य केलं. दोन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून नेल्सन मंडेला यांचा शपथविधी झाला.

सप्टेंबरमध्ये अमेरिकी सैन्य हैतीत उतरलं आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी आरिस्तिद परतले. या टप्प्यावर माझं मन द्विधा होतं, आणि चळवळीतल्या अनेकांचंही झालं होतं. १९१५ ते १९३४ अशी १९ वर्षं हैती ज्यांच्या बुटाखाली होतं, त्यांचेच सैनिक लोकशाही घेऊन आले. सोबत आर्थिक अटी आल्या. परदेशी तांदळावरची जकात इतकी खाली आणली गेली की हैतीचा भातशेतकरी बुडाला. क्लिंटन यांनी २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. हद्दपारीत गेलेली वर्षं आरिस्तिद यांना कार्यकाळात भरून मिळाली नाहीत. २००४ साली त्यांना दुसऱ्यांदा देश सोडावा लागला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात जाऊन त्यांना जमैकाला आणणाऱ्यांत पुन्हा रॉबिन्सन होते.

या एकजुटीने माणसं सोडवली, पण कायदा बदलता आला नाही. ग्वांतानामोचं कुंपण उघडणारा जॉन्सन यांचा निकालही सरकारने पुढे तडजोडीत रद्द करून घेतला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र आजही कायम आहे आणि त्याच्याच आधाराने हैतीहून निघालेल्या बोटी आजही समुद्रात अडवून परत पाठवल्या जातात.