रक्तातील मेद आणि केंद्रकाचे पटल

पेशीच्या केंद्रकाचे आवरण दुपदरी असते आणि त्याचा बाहेरचा पदर अंतर्द्रव्यजालिका या पटलांच्या जाळ्याशी सलग जोडलेला असतो. पेशीतील बहुतांश कोलेस्टेरॉल बाह्यपटलात असल्याने या जाळ्यात ते अगदी थोडे असते, म्हणूनच तिथला किरकोळ बदलही पेशीला चटकन उमगतो. रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे मेद-प्रथिनकण, पेशीवरील ग्राहींमार्फत आत घेतले गेले की त्यांतून सुटलेले कोलेस्टेरॉल या जाळ्यात पोहोचते. त्यामुळे केंद्रकात जाऊन जनुके जागी करणारे ‘एसआरईबीपी-२’ हे प्रथिन जाळ्यातच अडकून पडते, आणि कोलेस्टेरॉलनिर्मितीतील कळीचे विकर, म्हणजे एन्झाइम, ‘एचएमजी-कोए रिडक्टेज’ कमी तयार होते. स्टॅटिन औषधे याच विकराला रोखतात.

एलडीएल ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यासलेल्या आनुवंशिक विकारात ग्राहीच सदोष असतात. त्यामुळे रक्त कोलेस्टेरॉलने भरलेले असूनही पेशीला त्याची वर्दी लागत नाही व ती ते बनवतच राहते, ही विसंगती साऱ्या यंत्रणेवर लख्ख प्रकाश टाकते.

मेदाम्लांचा परिणाम तर थेट केंद्रकपटलावरच दिसतो. पेशीत ती वाढली की एरवी केंद्रकद्रवात निष्क्रिय राहणारे ‘सीसीटी-अल्फा’ हे विकर केंद्रकाच्या आतल्या पटलाला चिकटते आणि तिथेच कार्यरत होऊन फॉस्फॅटिडिलकोलीन या पटलघटकाच्या निर्मितीचा वेग वाढवते.