हलक्या घराची पारख

गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर बघायला आलेली माणसं मी अनेक वर्षं न्याहाळत आलो आहे. एकजण आधी शेगडी उघडून बघतो, दुसरा पलंगावर आडवा होऊन पाय पुरतात का ते पाहतो, मुलं तोवर वरच्या बंकवर चढलेली असतात. गाद्या, पडदे, दिवे यांवर अर्धा तास चर्चा होते. खाली वाकून चाकांकडे मात्र कुणी बघत नाही. गाद्या बदलता येतात, पडदे तर एका दुपारी शिवून होतात. सांगाड्याचं वजन बदलता येत नाही, आणि भिंतीत मुरलेलं पाणी सहजासहजी निघत नाही. माझ्या मते अशा ट्रेलरची परीक्षा दोनच विषयांत घ्यावी, वजन आणि पाणी. उरलेलं सगळं आवडीनिवडीचं.

इतिहास भराभर उरकतो, कारण तो कुठेही वाचायला मिळेल. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरानं इंग्लंडात ‘वाँडरर’ नावाचं घोड्यांनी ओढायचं फिरतं घर बांधून घेतलं. वजन सुमारे दोन टन. अमेरिकेत मोटारींमागोमाग ट्रेलर आले. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आरव्ही संग्रहालयात १९१३चा ‘अर्ल’ ट्रेलर बघायला मिळतो. १९३०च्या दशकात वॉली बायमची चकचकीत ॲल्युमिनियमची एअरस्ट्रीम आली, आणि हौशी लोकांनी घरच्या घरी बांधलेले, मागे उतरत्या पाठीचे, थेंबाच्या आकाराचे ट्रेलरही. प्लायवूडचा तक्ता चार बाय आठ फुटांचा मिळायचा, म्हणून बहुतेक थेंबही तेवढेच. झाला इतिहास.

आता वजन. माहितीपत्रकात छापलेला आकडा असतो ‘ड्राय वेट’चा, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचा. त्यात पाणी नसतं, तुमची भांडी नसतात, आणि पुष्कळदा बॅटरी व गॅसही धरलेला नसतो. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३ पौंड भरतं. बारा गॅलनची टाकी भरली की शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो वाढलेच. त्यावर प्रोपेनचा भरलेला सिलिंडर, खुर्च्या, पांघरुणं, कुकर, तांदळाची पिशवी. कागदावरचा १,२०० पौंडांचा ट्रेलर रस्त्यावर सोळाशेला कसा पोहोचतो, ते कळतही नाही. म्हणून विक्रेत्यानं सांगितलेला आकडा बाजूला ठेवावा आणि ट्रेलरच्या अंगावर चिकटवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ लिहिलेलं असतं. सामानासकट ट्रेलरचं वजन याच्या वर जाता कामा नये. त्यातून रिकामं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याचं सामान किती ते निघतं. काही देखण्या ट्रेलरांत ही वजाबाकी इतकी केविलवाणी येते की पाणी भरायचं की बायकापोरांचे कपडे घ्यायचे, असा पेच पडावा.

मग आपली गाडी. हायब्रिड नसलेली होंडा सीआर-व्ही अमेरिकेत १,५०० पौंड ओढू शकते, असं तिची कंपनी सांगते. टोयोटा सिएना ३,५०० पौंड ओढते. अमेरिकेतल्या मराठी घरांपुढे सिएना हमखास उभी असते, त्यामुळे आपल्या मंडळींपैकी पुष्कळांना नवा ट्रक घ्यायची गरजच नाही. पण ओढण्याची क्षमता हा अर्धाच हिशोब झाला. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या हिचवर टेकतं आणि गाडीला खाली दाबतं. हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा. कमी असेल तर वजन चाकांच्या मागे गेलेलं असतं, आणि उतारावर, वाऱ्यात किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. झोके वाढत गेले तर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीलाच हलवतो. जड सामान मागच्या कप्प्यात कोंबायचं नाही, हा नियम यातूनच आला. आणि हिचवरचा तो भार गाडीच्या सामानातच मोजायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. सिएनात सात माणसं बसवून वर ट्रेलर लावणाऱ्यांनी ती पट्टी दोनदा वाचावी.

ब्रेक हा माझा आग्रहाचा मुद्दा. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांची आहे. कायदा काहीही म्हणो, हलक्या ट्रेलरलाही इलेक्ट्रिक ब्रेक बसवून घ्यावेत. खर्च किरकोळ असतो, आणि घाटातल्या उतारावर तो वसूल होतो.

आता पाण्याकडे, माझ्या लाडक्या विषयाकडे येतो, आणि इथे मी घड्याळ बघणार नाही. कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको नावाचा खटपट्या संशोधक होता. फायबरग्लासच्या सेप्टिक टाकीवर त्यानं आधी काम केलं होतं. जी वस्तू पाणी आत धरून ठेवते ती पाऊस बाहेरही ठेवणार, आणि वजनाला हलकीही असणार! १९६८ साली त्याचा १३ फुटी ‘बोलर’ ट्रेलर बाजारात आला. वजन हजार पौंडांच्या आत, त्यामुळे त्या काळच्या लहान मोटारींनाही तो झेपायचा. १९८८ पर्यंत असे सुमारे दहा हजार बोलर बनले. पन्नाशीनिमित्त २०१८ साली विनिपेगमध्ये शेकडो बोलर गोळा झाले होते. मैलापाण्याच्या टाकीच्या वंशजात आपण सुट्टी घालवतो ही माहिती माझी बायको मला पाहुण्यांसमोर सांगू देत नाही. इथे सांगून टाकली.

बोलरच्याच घराण्यातला ‘स्कॅम्प’ आमच्या मिनेसोटात, बॅकस नावाच्या छोट्या गावात बनतो. मिनिॲपोलिसहून उत्तरेला तीनेक तासांवर, तळ्यांच्या मुलुखात. टेक्सासचा ‘कसिटा’, ब्रिटिश कोलंबियाचा ‘एस्केप’, टेनेसीचा ‘ऑलिव्हर’ हीसुद्धा फायबरग्लासचीच भावकी. हे ट्रेलर बनतात कसे ते एकदा तरी पाहावं. साच्याला आतून आधी जेलकोटचा गुळगुळीत थर देतात. त्यावर बंदुकीनं काचेचे तुकडे केलेले तंतू आणि रेझिन एकदमच फवारतात, आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. स्टायरिनचा उग्र वास नाकात दिवसभर बसतो. साच्यातून वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग निघतात आणि पोटाशी एकमेकांना जोडले जातात. छताला सांधा नाही, कोपऱ्यांना सांधा नाही. या साध्या गोष्टीवर मी फिदा आहे.

कारण बाकीचे बरेचसे स्वस्त ट्रेलर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर पातळ पत्रा ठोकून किंवा थर चिकटवून केलेल्या भिंती उभ्या करून बनतात. छत आणि भिंत, भिंत आणि पुढचा भाग, प्रत्येक कडेला एक सांधा आणि प्रत्येक सांध्यावर सीलंट. रस्त्यावर ट्रेलर सतत हादरतो, उन्हानं सीलंट सुकतं, बारीक भेग पडते. थेंबभर पाणी आत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन हिवाळ्यांनी भिंतीवर फुगा दिसतो, तेव्हा आतलं लाकूड बोटानं कुस्करण्याइतकं कुजलेलं असतं. असे ट्रेलर वाईटच असतात असं नाही. पण त्यांच्या छताची दर सहा महिन्यांनी तपासणी करणारा मालक लागतो, आणि असा मालक मी क्वचितच पाहिला आहे.

फायबरग्लासवालेही संत नाहीत. खिडक्या, छताचा पंखा, दिवे यांसाठी कवचाला भोकं पाडावीच लागतात, आणि स्कॅम्पसारख्यांत कपाटं रिव्हेटनं कवचाला जखडलेली असतात. जुन्या रिव्हेटमधून पाणी येतं. शिवाय ती कपाटं छताला आधारही देतात. आमच्या ओळखीच्या एका उत्साही गृहस्थांनी पलंग मोठा करायला उभं कपाट काढून टाकलं. काही महिन्यांत छत बसलं, दार लागेना. कपाट परत बसवलं तेव्हा कुठे दार सरळ झालं.

जुना ट्रेलर बघताना माझा क्रम ठरलेला आहे. आत शिरल्याबरोबर खोल श्वास घ्यायचा. ओलसर, कुबट वास आला तर पुढचं बोलणं अर्ध्या किमतीवर. गाद्या उचलून कोपऱ्यांतली फरशी टाचेनं दाबायची. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं, ते खिडक्यांखाली टेकवायचं. मग खाली आडवं व्हायचं. पुढचा दांडा जिथे कवचाखाली शिरतो तिथे जुन्या बोलर-स्कॅम्पच्या लोखंडाला चिरा पडलेल्या सापडतात. ॲक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबर असतं. वीस-पंचवीस वर्षांत ते थकतं आणि चाकाचा हात वर चढलेला दिसतो. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी घेत नाही.

फ्रिजबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ट्रेलरचा जुना फ्रिज गॅसच्या ज्योतीवर थंड होतो, हे ऐकून पाहुणे माझ्याकडे संशयानं बघतात. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघांनी १९२२ साली ही युक्ती काढली. ज्योतीच्या उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटतो आणि फिरत फिरत आतली उष्णता उचलून नेतो. त्यात एकही हलता भाग नाही. पण आतला द्रव उतारानंच वाहतो, म्हणून ट्रेलर तिरका उभा केला की दूध नासलंच समजा. खरेदीच्या वेळी फ्रिज गॅसवर लावून काही तास थांबायची तयारी ठेवा.

आणि आपला खास प्रश्न, फोडणीचा. दहा फूट लांबीच्या खोलीत मोहरी तडतडली की ती गादीत, पडद्यात आणि स्वेटरमध्ये पुढचा आठवडाभर राहते. भाताच्या वाफेनं भिंतींना घाम फुटतो तो वेगळाच. म्हणून आतल्या शेगडीवर चहा आणि पोहे, बाकी फोडणी बाहेरच्या टेबलावर. दोन बर्नर जवळजवळ असतात, तेव्हा पाच लिटरचा कुकर ठेवून शेजारी तवा बसतो का ते घरचा कुकर नेऊनच पाहावं. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गॅसचा अलार्म जमिनीलगत हवा आणि चालूही हवा. अस्वलांच्या मुलुखात कडक भिंतींचं महत्त्व आणखी वाढतं. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडमध्ये तंबूंना आणि कापडी भिंतींच्या ट्रेलरांना प्रवेशच नाही. १३ फुटी छोटा ट्रेलर तिथे चालतो.

भारतातून आईवडील उन्हाळ्यात येतात, तेव्हा त्यांनाही न्यायचा बेत होतो. त्यांच्या नजरेनं ट्रेलर वेगळा बघावा लागतो. पायरी किती उंच आहे, रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का, आत संडास आहे की अंधारात कॅम्पग्राउंडच्या टोकाला जायचं. १३ फुटांत दोन माणसं सुखानं राहतात, चार माणसं हौसेनं. वयस्कर मंडळी सोबत असतील तर १६ किंवा १७ फुटी बघा, आणि त्यासाठी गाडीचे आकडे पुन्हा तपासा.

माझा निकाल सरळ आहे. जोडप्याला आणि एखाद्या लहान मुलाला साच्यातला फायबरग्लास ट्रेलर, जुना असला तरी, लाकडी चौकटीच्या नव्याकोऱ्या चकचकीत ट्रेलरपेक्षा बरा. घेण्याआधी तसाच एक भाड्यानं आणा आणि पाऊस असेल अशी एक रात्र त्यात काढा. पसंत पडलेला ट्रेलर सामान भरून ट्रक थांब्यावरच्या काट्यावर न्या. काही डॉलरांत खरं वजन छापून हातात मिळतं. आणि विक्रेता काट्यावर यायला नाही म्हणाला, तर तो ट्रेलर घेऊ नका.