दुखत नाही तो पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. पाळकसाहेब कमरेला टॉवेल गुंडाळतात, बारा जण बाकावर ओळीनं बसतात आणि एकेकाच्या पायावर तांब्यानं पाणी घातलं जातं. गंमत अशी, की त्या बारांत मळके पाय एकाचेही नसतात. सगळे घरूनच साबणानं धुऊन, टाचा घासून आलेले. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हसते. तीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या पायांचं ड्रेसिंग केलं, त्यामुळे धुतलेले पाय पुन्हा धुताना पाहिले की हसू येतंच.

प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला, तेराव्या अध्यायातला. धुळीतून आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणं हे तेव्हा नोकराचं काम. येशू जेवणावरून उठून ते स्वतः करू लागतो. पेत्राला अवघडल्यासारखं होतं, तो आधी नको म्हणतो. धरून देणारा यहूदाही तिथंच असतो, त्याचेही पाय धुतले जातात. दुसऱ्या दिवशी क्रूस. त्यागाची प्रीती म्हटलं की उपदेशात क्रूस येतो, आणि तो यायलाच हवा. मला मात्र कळतं ते पाणी आणि टॉवेल एवढंच. त्यापुढचं पाळकांनी सांगावं.

मी मूळची परतवाड्याकडची. जवळच कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा मिशन दवाखाना आहे. मेळघाटच्या कोरकू आदिवासींमध्ये काम करायला आलेल्या मिशनऱ्यांनी तो सुरू केला, पुढे लेप्रसी मिशननं चालवला. ही संस्था वेलस्ली बेली नावाच्या आयरिश माणसानं १८७४ मध्ये काढली. पंजाबात शिक्षकी करताना त्यानं अंबाल्याला कुष्ठरोगी पाहिले होते. इकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे सगळ्यांच्या दाजीसाहेबांनी, १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. गावानं वेशीबाहेर काढलेल्या माणसांसाठी वऱ्हाडात कुणी येशूचं नाव घेऊन आलं, कुणी जगदंबेचं. जखमेला त्याचं काही नव्हतं.

लोकांना वाटतं, या रोगात बोटं गळून पडतात. तसं नाही. जंतू मज्जातंतूंना धरतात, हातापायांची संवेदना जाते आणि माणूस नकळत स्वतःलाच इजा करत राहतो. वावरात पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसला तरी पत्ता नसतो. चुलीवरचा गंज उघड्या हातानं उतरवला जातो आणि कातडी भाजल्याचा वास आल्यावर कळतं. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडनी हे जगाला पटवून दिलं. रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून कुठे जातात याचा माग काढला, तर झोपेत उंदीर कुरतडत होते! मग घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देऊ लागले. औषधाइतकंच ते मांजर महत्त्वाचं. आता गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण उशीर झाला असेल तर गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. अशा पायाची निगा जन्मभर ठेवावी लागते.

निगा म्हणजे काय? घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, पाय वीसपंचवीस मिनिटं बुडवून ठेवायचे. घाम येत नसल्यानं कातडी कोरडी पडते, चिरते, तिला पाणी लागतं. मग खरबरीत दगडानं मेलेली कातडी हलक्या हातानं घासायची आणि ओल आत राहावी म्हणून पाय न पुसता वरून तेल लावायचं. शेवटी आरसा खाली धरून तळवा बघायचा. रोज.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. दर्यापूरकडची एक आजी वॉर्डात होती. बोटं आखडलेली, हातात दगड टिकायचा नाही. दोन वेळा घासलं की म्हणायची, “सिस्टर, तूच कर न वं. मले नाई जमत.” मी खाली बसायची आणि पाच मिनिटांत दोन्ही पाय चकचकीत करून द्यायची. आजी तोंडभर आशीर्वाद द्यायची, “माय माही!” मलाही बरं वाटायचं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटायचं. त्या घटकेला आपण योहानाच्या तेराव्या अध्यायातच बसलोय, असं काहीतरी.

आमच्या वरिष्ठ सिस्टरनी एक दिवस दारातून पाहिलं आणि सगळ्यांसमोर झापलं. “हे तू तिच्यासाठी करतेस की तुझ्यासाठी? सुट्टी झाल्यावर तिच्या गावाला जाणार आहेस का रोज?”

दुसऱ्या दिवसापासून मी आजीसमोर हात मांडीवर ठेवून बसू लागले. दगड निसटायचा, पाणी सांडायचं, ती चिडायची. “दुखत नाई न मले, मंग काऊन पाह्यचं रोज रोज?” पाऊण तास लागायचा. बाहेर दहा ड्रेसिंगं खोळंबलेली. माझे हात शिवशिवायचे. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रीतीची लक्षणं दिली आहेत, त्यात पहिली सहनशीलता आहे. (तोही तेरावाच अध्याय. आमच्या लग्नांत हमखास वाचतात आणि तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.) माझ्या वाट्याला आलेला त्याग म्हणाल तर एवढाच: तिचे पाय न धुणं. तीन आठवड्यांनी तिनं आखडलेल्या दोन बोटांच्या बेचक्यात दगड धरायची आपली युक्ती शोधली. मला ती सुचली नसती.

आता निवृत्त होऊन अकोल्याला असते. ह्यांना शुगर आहे, आणि जुन्या शुगरनंही पायांची संवेदना तशीच कमी होते. म्हणून रोज रात्री टॉर्च घेऊन ह्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या. परक्यांसाठी तीस वर्षं पुरलेला धीर घरी पाच मिनिटं टिकत नाही. हे अकोल्याच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर अनवाणी जातात, मी ओरडते. हे म्हणतात, “मी काही तुझ्या वॉर्डातला पेशंट नाही.” मग मी चपलांवरून दोन वर्षांपूर्वीचंही काढते.

परवा दुपारी असंच वाजलं. संध्याकाळचा चहा वेगवेगळा झाला, जेवताना मीठसुद्धा कुणी मागितलं नाही. दहा वाजता मी टॉर्च घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. तसंच ठेवून उजवा पाय पुढे सरकवला.