अंकावाचे सोयरे

वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा की आपण घरात निजलेले आहात, ऑगस्टचा उकाडा रात्रीही ओसरलेला नाही, आणि शेजारी दार ठोठावून सांगतो, “निघा, आता वेळ नाही!” अशा वेळी आपण बरोबर काय घ्याल? झोपेतले मूल, वृद्ध आईची औषधे, आणि कदाचित घराची किल्ली. ६ ऑगस्ट २०१४ च्या रात्री उत्तर इराकमधील निनवेच्या मैदानात हजारो कुटुंबांवर हाच प्रसंग आला.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मोसुल शहर स्वतःस ‘इस्लामी राज्य’ म्हणविणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या हाती पडले होते. जुलैमध्ये तेथील ख्रिस्ती लोकांना धर्मांतर, कर किंवा मृत्यू यांतून निवड करण्यास फर्मावण्यात आले आणि त्यांच्या घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगविण्यात आले. ‘नसारा’ म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे ते आद्याक्षर. पुढे कुर्दी सैन्याने निनवेच्या मैदानातून माघार घेतली आणि कराकोश, बारतेला, करमलेश ही गावे एका रात्रीत ओस पडली. लाखाच्या आसपास माणसे एर्बिल आणि दोहूक यांच्या वाटेला लागली. ही माणसे घरात अरामी भाषेचे आजचे रूप बोलतात. तिचीच भगिनी असलेली सुरियानी भाषा केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत शतकानुशतके नांदत आली आहे, त्यामुळे हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत.

एर्बिललगतच्या अंकावा या वस्तीत प्रामुख्याने ख्रिस्ती लोक राहतात. पहाट होईतो तेथील चर्चची आवारे माणसांनी भरून गेली. कोणी बाकांवर निजले, कोणी बागेत, कोणी अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या उघड्या मजल्यांवर. खाल्डियन चर्चचे आर्चबिशप बशर वार्दा यांच्या आर्चडायोसीसने पाणी, शिधा, अंथरुणे आणि औषधे यांची व्यवस्था हाती घेतली. मदतीस धावलेल्यांपैकी अनेक धर्मगुरू आणि डोमिनिकन भगिनी स्वतःच त्या रात्री बेघर झालेल्या होत्या. चर्चने चालविलेल्या दवाखान्याने रुग्णाचा धर्म विचारला नाही. त्याच सुमारास सिंजारहून जीव घेऊन आलेल्या यझिदी लोकांवर आणि मुसलमानांवरही तेथे उपचार झाले.

मार एलिया चर्चच्या बागेत शंभराहून अधिक कुटुंबे तंबूंत राहिली. तेथील धर्मगुरू फादर डग्लस बाझी यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. आलेल्या लोकांना ते ‘निर्वासित’ म्हणत नसत, ‘आमचे नातलग’ म्हणत. शब्दाचा फरक लहान वाटेल. परंतु निर्वासिताची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो. नातलगाची विचारपूस होते.

तरीही केवळ गोड शब्दांवर संसार चालत नाही. हिवाळ्यात तंबूत चिखल होतो. म्हणून तंबूंच्या जागी हळूहळू पत्र्याच्या तयार खोल्या आल्या, आणि पुढे चर्चने भाड्याची घरे घेऊन हजारो कुटुंबांची सोय केली. गृहिणींना याचे मोल सांगावयास नको. रांगेत उभे राहून मिळालेले जेवण पोट भरते. पण आपल्या चुलीवर, आपल्या चवीचे रांधलेले अन्न मुलांच्या पानात वाढताना घर पुन्हा घर होते.

दुसरी चिंता मुलांची. एक वर्ष बुडाले की दुसरेही बुडते, आणि मग शाळा कायमची सुटते. डोमिनिकन भगिनींनी विस्थापित मुलांसाठी अंकावात शाळा उभारली. २०१५ मध्ये एर्बिलला कॅथलिक विद्यापीठही स्थापन झाले. फादर नजीब मिखाईल यांनी पळापळीच्या त्या काळात शेकडो वर्षांची जुनी हस्तलिखिते गाडीत भरून वाचविली होती. त्यांची छायाचित्रे घेऊन ती जपण्याचे काम त्यांनी विस्थापित तरुणांनाच शिकविले. रिकाम्या हातांना काम मिळाले आणि समाजाची स्मृतीही सुरक्षित राहिली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये कराकोश मुक्त झाले. लोकांनी पाहिले तेव्हा घरे जळालेली होती. ताहिरा चर्चच्या अंगणात गोळीबाराचा सराव केल्याच्या खुणा होत्या. २०१७ मध्ये तीन चर्चनी मिळून पुनर्बांधणी समिती नेमली, गावोगावच्या नुकसानीची मोजदाद केली आणि दुरुस्ती सुरू केली. त्या प्रसंगी घरमालकांना ऑलिव्हची रोपे देण्यात आली. ऑलिव्हचे झाड फळास येण्यास वर्षे लागतात. राहणारा माणूसच ते लावतो.

सगळेच परतले नाहीत. अनेक कुटुंबे ऑस्ट्रेलियास, युरोपास, अमेरिकेस गेली, आणि कराकोशच्या कितीतरी घरांची दारे बंदच राहिली. ज्यांनी पुन्हा एकदा पळावे लागेल या भीतीने देश सोडला, त्यांना दोष कोण देणार? पण जे परतले, त्यांना मधल्या काळात कोणीतरी छप्पर दिले, मुलांची शाळा चालू ठेवली आणि त्यांचा मान राखला, म्हणून परतणे शक्य झाले.

पूर, भूकंप, दंगल किंवा युद्ध, कारण कोणतेही असो, उद्या आपल्याही दाराशी कोणी गाठोडे घेऊन उभे राहील. त्याला काय द्यावे, हे आपल्या ऐपतीवर ठरेल. त्याला काय म्हणून हाक मारावी, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.