लोकलची कडी आणि हातातली बॅट

दुपारी दोन-अडीचला अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारी धीमी लोकल पकडलीत, तर मोबाइल काढण्याआधी एकदा मान वर करून बघा. छताच्या दांडीला ओळीने लोंबणाऱ्या कड्या गाडी सुटताच सगळ्या मिळून चर्चगेटच्या बाजूला कलतात. जोगेश्वरीचा फलाट आला, ब्रेक लागले, की त्याच कड्या विरारच्या बाजूला झुकतात. सकाळच्या गर्दीत हे दिसायचं नाही, तेव्हा प्रत्येक कडीला चार हात असतात. गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका वाढत असेल, तर हा कल 3 अंशांच्या आसपास भरतो. हिशेब उलटा केला, तर खिडकीबाहेर न बघता नुसत्या कडीवरून गाडीचं त्वरण सांगता येतं.

अशीच एक कडी गेल्या रविवारी माझ्या हातात होती. फक्त ती डोळ्यांना दिसण्याएवढी मोठी नव्हती.

मुलुंडला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने माळ्यावरून जुनं प्लेस्टेशन 3 खाली काढलं होतं आणि त्यात ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ लावलं होतं. 2012 च्या सुमारास मुंबईच्याच ट्राइन गेम्स या कंपनीने सोनीच्या यंत्रासाठी बनवलेला हा खेळ. गल्ली क्रिकेट, पण टीव्हीवर. सोसायटीच्या आवारात आता स्टंप म्हणून वीट उभी करायलाही जागा उरलेली नाही, सगळीकडे गाड्या. तेव्हा मी या खेळाला नावं ठेवणार नाही. बॅट म्हणून हातात येते ती एक काळी दांडी, टोकाला पिंगपाँगच्या चेंडूहून किंचित मोठा, आतून उजळणारा गोळा. भाचा तिला जॉयस्टिकच म्हणतो. आपण दांडी फिरवायची, पडद्यावरची बॅट फिरते. पहिल्याच चेंडूवर मी असा काही हुक मारला की टीपॉयवरचा चहा बहिणीच्या नव्या गालिच्यावर गेला.

“मामा, आधी पट्टा घाल मनगटात,” भाचा म्हणाला. चेंडू हुकलाच होता.

हातवाऱ्यांवर चालणारी जॉयस्टिक वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतल्या डेटासॉफ्ट कंपनीने 1981 मध्ये अटारीच्या खेळांसाठी ‘ल स्टिक’ नावाची जॉयस्टिक आणली होती. तिला खाली बैठक नव्हती, एका हातात धरून कलवायची. आत पाऱ्याचे स्विच. बंद नळीत पाऱ्याचा थेंब, नळी कलली की थेंब घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. कललं की नाही एवढंच त्याला कळायचं. किती कललं, हे सांगणं पाऱ्याच्या थेंबाला जमणारं नव्हतं. आपल्या उपनगराशी नातं असलेला एक उद्योगही इथे आठवतो. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी 2009 मध्ये म्हैसूरच्या टेड इंडिया परिषदेत सांगितलं होतं, की काही वर्षांपूर्वी त्यांनी दोन माउस खोलले, आतले चार रोलर काढले, कप्प्या आणि स्प्रिंगा जोडल्या आणि हाताची हालचाल ओळखणारं यंत्र साधारण दोन डॉलरमध्ये उभं केलं. (त्यातला एक माउस मित्राचा होता. मित्र पुढे काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही.)

माझ्या हातातल्या दांडीत पारा नव्हता, कप्प्याही नव्हत्या. होती ती सिलिकॉनची चिप. तिच्यात सिलिकॉनचाच एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते, आणि ते चिपला घट्ट बसवलेल्या दुसऱ्या कंगव्याच्या दात्यांत अडकवल्यासारखे, पण न टेकता. दांडीला झटका बसला की ठोकळा कडीसारखाच मागे राहतो, दात्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर त्यांच्यात साठणारा विद्युतभारही. तो मोजला की त्वरण कळलं. या चिपा स्वस्त झाल्या त्या खेळांमुळे नव्हे. 1990 च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगना टक्कर ओळखण्यासाठी त्या लागू लागल्या आणि लाखोंनी बनू लागल्या. टक्कर ओळखणारी वस्तू पुढे टेनिसचा फटका ओळखायला आली.

तो टेनिसचा फटका 2006 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्राने घराघरांत नेला. त्याच्या रिमोटमध्ये तिन्ही दिशांचं त्वरण मोजणारी चिप होती. लोकांनी इतक्या उत्साहाने हात फिरवले की रिमोट मनगटाचे पट्टे तोडून टीव्हीवर जाऊ लागले. कंपनीला त्याच डिसेंबरात 32 लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. भाच्याचा उपदेश असा ऐतिहासिक होता.

पण मुरलेल्या खेळाडूंनी लवकरच ओळखलं, की हात पूर्ण फिरवायची गरजच नाही. सोफ्यावर लोळत मनगटाला हिसका दिला तरी पडद्यावरचा खेळाडू रुबाबात रॅकेट चालवतो. याला आळस म्हणा, पण खरी गोम कडीत आहे. गाडी वेग घेते तेव्हा कडी मागे कलते. गाडी चढावर नुसती उभी असली तरीही ती तशीच मागे कलते. डब्याच्या खिडक्या बंद असतील, तर फक्त कडीकडे बघून या दोन गोष्टींत फरक करता येणार नाही. त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांच्यातलं हे साम्य 1907 मध्ये आइन्स्टाइनच्या मनात घर करून बसलं आणि त्यातून पुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा राहिला. रिमोटची मात्र या साम्याने पंचाईत केली. हात तिरका झाला की पुढे ढकलला गेला, हे त्या चिपला नेमकं ठरवता येत नव्हतं. मग खेळ बनवणारे अंदाजावर काम भागवत. झटका मोठा दिसला की फटका समजायचा.

यावर उतारा म्हणजे वळण वेगळं मोजायचं. 2009 मध्ये वीच्या रिमोटला जोडायचा एक तुकडा आला, त्यात जायरोस्कोप होते. हा शब्द आता उपनगरातल्या कुठल्याही कॉलेजकट्ट्यावर ऐकू येतो. फोनवर बीजीएमआय खेळणारी पोरं ‘जायरो’ चालू ठेवतात, म्हणजे फोन किंचित वळवून नेम धरतात. त्यांना एक प्रयोग सुचवतो. रिक्षा मिळते ती वांद्रे आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच भागात. तेव्हा घाटकोपरला एलबीएस मार्गावर रिक्षावाल्याने यू-टर्न मारला, की जायरो सतत चालू ठेवलेल्या फोनकडे बघा. तुम्ही हात हलवलेला नसतो, तरी पडद्यावरचा शिपाई निमूटपणे पाठ फिरवतो. फोन तुमच्या हातात वळला की रिक्षासकट वळला, याच्याशी जायरोला देणंघेणं नाही.

वळण कळतं कसं? सिलिकॉनचं बारीक वजन सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे थरथरत ठेवलेलं असतं. यंत्र वळलं की त्या थरथरणाऱ्या वजनाला आडवा धक्का बसतो. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर मधून कडेकडे चालून बघा, सरळ चालताच येत नाही, तसंच. फ्रेंच गणितज्ञ गास्पार कोरिओलिस यांनी 1835 मध्ये या परिणामाचं गणित मांडलं. विषुववृत्त ओलांडून वर येणारा वारा फिरत्या पृथ्वीमुळे उजवीकडे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्येचा मोसमी वारा होऊन पोचतो, तोही याच परिणामाने. जूनमध्ये मुलुंडच्या बाल्कनीत आडवा येणारा पाऊस आणि हुक मारणारी दांडी यांचं हे नातं बहिणीला सांगून बघितलं. ती गालिचा पुसत होती.

एवढं असूनही दांडीला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. त्वरणाची बेरीज करत वेग काढायचा, वेगाची बेरीज करत अंतर. बेरजेत चूक शिरली की ती वाढतच जाते, आणि अंतराची चूक वेळेच्या वर्गाने फुगते. मोजमापात गुरुत्वाकर्षणाच्या एक हजारांश इतकी चूक कायम राहिली, तर पहिल्या सेकंदात बॅट 5 मिलिमीटरच सरकेल. दहा सेकंदांत अर्धा मीटर. मिनिटभरात 18 मीटर, म्हणजे बॅट खिडकीतून बाहेर पडून समोरच्या इमारतीत फलंदाजीला गेलेली असेल.

डब्यात डुलकी लागल्यावर आपण काय करतो? झटक्यांवरून अंदाज बांधतो आणि मग मान वाकडी करून स्टेशनाची पाटी वाचतो. त्या उजळणाऱ्या गोळ्याचं काम पाटीचं आहे. टीव्हीवर ठेवलेला कॅमेरा गोळा शोधतो. गोळ्याचा आकार आधीच ठाऊक असल्यामुळे तो किती मोठा दिसतो यावरून अंतर निघतं, कुठे दिसतो यावरून दिशा. वीने हेच उलटं केलं होतं. कॅमेरा रिमोटमध्ये आणि टीव्हीजवळच्या पट्टीत फक्त अवरक्त दिवे. ती पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं, कारण ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश निघतो.

चिपा जलद पण भटकणाऱ्या, कॅमेरा संथ पण भरवशाचा. दोघांचं ऐकून मधला निर्णय करायची गणिती रीत रुडॉल्फ कालमान यांनी 1960 मध्ये मांडली आणि ती अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेली. आपल्या डोक्यात ती त्याआधीपासून चालू आहे. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या वळण मोजतात, शेजारचे चुन्याचे सूक्ष्म खडे त्वरण, आणि डोळे पाटी वाचतात. त्यांचं एकमत झालं नाही की फजिती. आपली गाडी सिग्नलला थांबलेली असते, शेजारच्या रुळावरची जलद सुटते आणि क्षणभर वाटतं आपणच मागे निघालो. डोळे ओरडत असतात, कान म्हणत असतात काही झालेलं नाही. मग हळूहळू कानाचं ऐकलं जातं.

संध्याकाळी डाव पुन्हा सुरू केला तेव्हा मघाचा लाल गोळा निळा झालेला दिसला. खोलीत नसलेला रंग यंत्र स्वतःच निवडतं, म्हणजे कॅमेऱ्याचा गोंधळ होत नाही. लाल का टाळला, हे वळून बघितल्यावर कळलं. माझ्या मागे देवघरातला तांबडा झिरोचा बल्ब लागला होता. तरीही बॅट अधूनमधून भरकटत होती, म्हणून भाचा बल्बच्या बटणाकडे सरकला.

“हात लावशील तर बघ,” स्वयंपाकघरातून आवाज आला.