समोरासमोरची बाकं

बेलफास्टमधल्या एका छोट्या मुलीच्या वतीनं लढवलेला खटला १९ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. उत्तर आयर्लंडच्या शाळांत ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि सामूहिक प्रार्थना ज्या पद्धतीनं चालतात ती बेकायदा ठरली, ही बातमी एव्हाना जुनी झाली. त्या निकालातला एक मुद्दा मात्र माझ्या मनातून जात नाही. ‘नको असेल तर पालकांनी मुलाला प्रार्थनेतून बाहेर काढावं’ ही मुभा न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. सगळी मुलं बसलेली असताना एकटीच उठून बाहेर जाणारी मुलगी वेगळी पडते, तिच्यावर शिक्का बसतो, हे न्यायाधीशांनी ओळखलं.

ती शाळा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, नव्हती. पण निकाल वाचताना मला अँग्लिकन निवासी शाळांमधली चॅपलं, म्हणजे शाळांची स्वतःची प्रार्थनामंदिरं, आठवत राहिली, कारण एकत्र बसण्याचं मोल आणि बसवण्याची सक्ती यांची गाठ त्यांच्याइतकी घट्ट दुसरीकडे कुठं नाही. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुदानित शाळा साडेचार हजारांहून जास्त आहेत. त्यातल्या बहुतेकींना स्वतःचं चॅपल नसतं, प्रार्थना सभागृहात होते. चॅपल हा मुख्यतः जुन्या, फी घेणाऱ्या निवासी शाळांचा वारसा.

ईटन किंवा रग्बीच्या चॅपलमध्ये शिरलं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती बाकांची मांडणी. गावातल्या चर्चमध्ये सगळी बाकं वेदीकडे तोंड करून असतात. इथं ती मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. मान वर केली की समोर वेदी नाही, पलीकडच्या बाजूचे चेहरे दिसतात. जुन्या मठांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांतून आलेली ही रीत आहे. स्तोत्राचं एक चरण या बाजूनं म्हणायचं, पुढचं त्या बाजूनं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. वारकऱ्यांच्या भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात आणि एका रांगेनं टाकलेलं चरण दुसरी उचलते, तीच ही रचना. फरक इतकाच की वारीला कुणी हजेरी घेत नाही.

माझ्या मते शाळेच्या आयुष्यात चॅपलचं खरं काम या मांडणीत आहे. वर्गात इयत्ता वेगळ्या, मैदानावर संघ वेगळे, वसतिगृहं वेगळी. पहिल्या वर्षाचा बावरलेला मुलगा आणि पुढच्या वर्षी विद्यापीठात जाणारा, शिक्षक, मुख्याध्यापक, हे सारे एकाच छताखाली एकमेकांना दिसतात असे दिवसातले हे पाव तासाचे क्षण. एक गाणं, एक उतारा, चार शब्द, प्रार्थना. शाळेतलं कुणी गेलं तर ती बातमीही इथंच सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात एकट्या ईटनचे १,१५७ माजी विद्यार्थी मेले. अशा शाळांत युद्धानंतर नावं कोरायला जागा शोधली गेली, तेव्हा ती चॅपलमध्ये किंवा त्याच्या आसपासच सापडली.

ससेक्समधल्या लान्सिंगच्या चॅपलबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नॅथॅनियल वुडार्ड हा साधा सहायक धर्मोपदेशक. उमरावांच्या मुलांना ईटन आहे, गरिबांना धर्मादाय शाळा आहेत, मधल्या वर्गाच्या मुलांचं काय, या प्रश्नानं त्याला पछाडलं आणि १८४८ मध्ये त्यानं शाळा काढायला सुरुवात केली. लान्सिंग त्यांपैकीच; तिथल्या चॅपलचा पाया घातला गेला १८६८ मध्ये. टेकडीची जमीन अशी की काही ठिकाणी साठ-सत्तर फूट खाली जावं लागलं. मग वुडार्डनं एक विलक्षण निर्णय घेतला. इमारत सगळीकडून सारखी, थराथरानं वर न चढवता पूर्वेकडचं टोक आधी पूर्ण उंचीला, आतून सुमारे नव्वद फुटांपर्यंत न्यायचं. आपल्यामागून येणारे विश्वस्त पैशाचं कारण सांगून छत खाली आणतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक टोक आभाळाला भिडलं की उरलेलं बुटकं बांधण्याची सोय उरत नाही. वुडार्ड १८९१ मध्ये वारला, चॅपलचं समर्पण १९११ मध्ये झालं, पश्चिमेच्या भिंतीतली भलीमोठी गोल रंगीत खिडकी १९७८ मध्ये आली आणि शेवटचा देवडीचा भाग उभा राहिला २०२२ मध्ये. दीडशेहून अधिक वर्षं शाळा आपलं चॅपल बांधतच होती. शाळेचं मन कशात असतं ते तिनं अपुरी ठेवूनही सोडून न दिलेल्या इमारतीवरून कळतं.

वुडार्डचा भर दगडावर होता, रग्बीच्या थॉमस अर्नोल्डचा शब्दावर. १८२८ ते १८४२ असा तो तिथं मुख्याध्यापक होता; चॅपलच्या पुरोहिताची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यानं स्वतःकडे घेतली आणि रविवारच्या प्रवचनांतून शाळा घडवायला घेतली. त्याच्या हाताखालचा एक शिक्षक, जॉर्ज कॉटन, पुढे कलकत्त्याचा बिशप झाला, आणि १८५९ मध्ये सिमल्याच्या शाळेची कल्पना त्यानंच मांडली. बिशप कॉटन हे नाव आपल्याला शाळेचं म्हणून माहीत आहे, पण त्यामागे रग्बीचं चॅपल आहे. मुंबईतल्या कॅथीड्रल शाळेच्या नावातही सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, ज्याच्यावरून कोटाच्या दरवाज्याला आणि नंतर स्टेशनला चर्चगेट म्हटलं गेलं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा पारशी होता. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. आपल्याकडच्या अशा शाळांत हिंदू, पारशी, मुसलमान मुलांच्या पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती स्तोत्रं म्हणत वाढल्या आणि बहुतेकांनी धर्म न बदलता चाली मात्र जन्मभर सांभाळल्या.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. ज्या जागेवर प्रश्न विचारायचा नसतो तिच्या सावलीत वाईट माणसंही सुरक्षित राहतात. जॉन स्मिथ हा वकील नामांकित शाळांतल्या ख्रिस्ती मुलांच्या मंडळांतून आणि सुट्टीतल्या शिबिरांतून मुलं हेरत होता. धर्माच्या नावानं त्यांना अमानुष मारत होता. शंभरहून अधिक मुलं आणि तरुण त्याचे बळी ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबद्दलचा मेकिन अहवाल आला आणि तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावं लागलं. हे अत्याचार चॅपलच्या बाकांवर झाले नाहीत. पण तिथं रुजवलेल्या आज्ञाधारकपणाचा वापर त्यानं केला, आणि चॅपलचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यानं तो भाग गाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल.

सक्तीबद्दल इंग्लंडचा कायदा अजून जुन्याच जागी आहे. अनुदानित शाळांत रोज सामूहिक प्रार्थना हवी, हे १९४४ पासून. चर्चच्या नसलेल्या शाळांत ती प्रामुख्यानं ख्रिस्ती वळणाची हवी, हे १९८८ पासून. बऱ्याच माध्यमिक शाळा ते पाळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. खासगी शाळांना हा नियम लागूच नाही, तिथं चॅपल शाळेच्या स्वतःच्या नियमानं चालतं. अनुदानित शाळांतल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना स्वतःच्या मर्जीनं बाहेर राहता येतं. त्याखालच्या वयात मर्जी पालकांची.

आपल्या राज्यघटनेनं हा प्रश्न १९५० मध्येच हाताळला आहे. कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. शब्द नेमके आहेत. पण बेलफास्टच्या निकालानंतर ते वाचताना अडखळायला होतं, कारण संमती न देणाऱ्या पालकाच्या मुलानं त्या पाव तासात कुठं बसायचं, याचं उत्तर कलमात नाही. ते शाळेनं द्यायचं असतं, आणि ग्रंथालयाच्या दाराशी एकटं उभं करणं हे काही उत्तर नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे. जी शाळा आपण चर्चची आहोत हे आधीच सांगते तिनं आपली प्रार्थना सोडू नये. पाणचट केलेली प्रार्थना कुणाच्याच कामाची नाही. पण बाकावर येऊन बसणं आणि प्रार्थना म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिनं पहिल्याच दिवशी मुलांना मोकळेपणानं सांगावं. गप्प बसलेल्या मुलाकडे कुणी वळून पाहू नये. गाणं आवडलं तर त्यानं गावं, नाही तर खिडकीतून येणारा उजेड पाहत बसावं.

लान्सिंगच्या चॅपलमध्ये ट्रेव्हर हडलस्टन यांच्या नावाची एक खिडकी आहे. ते याच शाळेत शिकले, पुढे धर्मगुरू होऊन जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनमध्ये राहिले आणि वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध उभे ठाकले. त्या काळात एकदा एका घरकाम करणाऱ्या काळ्या बाईला पाहून या गोऱ्या पाद्रीनं आदरानं टोपी उचलली. शेजारी उभा असलेला तिचा लहान मुलगा ते विसरला नाही. २००७ मध्ये ती खिडकी खुली करायला लान्सिंगला तोच आला होता, आर्चबिशप डेस्मंड टुटू म्हणून.