पोपच्या दरबारातले मानकरी

पोपची गादी वंशपरंपरेने चालत नाही. एक पोप गेला की कार्डिनलांनी दुसरा निवडायचा. गंमत अशी, की या बिनवारसाच्या गादीभोवतीचे मान मात्र शतकानुशतके बापाकडून मुलाकडे जात राहिले. सेर्लुपी घराण्याकडे घोड्यांची पागा, मास्सिमोंकडे टपाल, पात्रिझींकडे निशाण!

सिंहासनाशेजारी उभे राहण्याचा मान कोलोन्ना आणि ओर्सिनी या हाडवैरी घराण्यांचा. याच कोलोन्नांपैकी एकाने १३०३ साली फ्रान्सच्या राजाच्या माणसांना सामील होऊन आठव्या बोनिफेस पोपना कैद केले होते. ज्यांचा धाक, त्यांनाच मान देऊन जवळ ठेवण्याचा हा शहाणपणा!

१८७० साली इटलीच्या फौजांनी रोम घेतले. पोपचे राज्य गेले, राज्याचे टपालही गेले. टपालप्रमुख मात्र राहिला. कित्येक सरदारांनी नव्या राजाकडे पाठ फिरवली. पडत्या काळात धन्याला न सोडणाऱ्यांची ती निष्ठा खोटी म्हणता येणार नाही.

या सगळ्यांत खरे जोखमीचे काम होते किजी घराण्याकडे. १२६८ मध्ये व्हितेर्बोला सुरू झालेली पोपची निवड जवळजवळ तीन वर्षे रखडली. तेव्हापासून निवड संपेपर्यंत कार्डिनलांना कोंडून ठेवण्याची रीत पडली. दाराला आतून कुलूप, बाहेरूनही कुलूप. बाहेरची किल्ली आधी सावेल्ली घराण्याकडे असे. तो वंश संपल्यावर १७१२ साली ती किजींकडे आली.

बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात. माझी सारी नोकरी त्यांच्या सोबतीने गेली. पण बदलीचा हुकूम आला की सही करून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची. तिच्यावर मुलाबाळांचा हक्क नाही. किजींची किल्ली अडीचशे वर्षे घरातच राहिली.

अखेर २८ मार्च १९६८ रोजी सहाव्या पॉल पोपनी फर्मान काढले. काम न उरलेली पदे रद्द झाली, वंशपरंपरेचे मान गेले, किजींची किल्लीही गेली. सिंहासनाशेजारचा मान तेवढा नावापुरता राहिला. शतकभर निष्ठा राखणाऱ्या घरांना हे लागले असेल. पण निष्ठेबद्दल आभार मानावेत, तिचा सातबारा करून देऊ नये.

मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये गेले. नेमलेल्या समारंभप्रमुखाने दार लावून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी नवे पोप निवडले गेले. दार पूर्वीइतकेच घट्ट बंद झाले होते; त्यासाठी कोणाच्या घराण्याची गरज पडली नाही.